आवश्यक तेवढाच खर्च

काही खोल्यांत धूळ साठते, काही खोल्यांत किस्से. आमच्या खोलीत दोन्ही साठायचं आणि झाडायला कुणालाच वेळ नसायचा!

ब्रिस्टलमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या लॉ डिपार्टमेंटमध्ये, कॉरिडॉरच्या अगदी टोकाला, ती खोली होती. आम्हा तिघांची. कामत सर मूळचे मडगावचे, लिस्बनला शिकलेले. ते सिव्हिल लॉ शिकवायचे. ॲलन अस्सल इंग्लिश. तो कॉन्ट्रॅक्ट शिकवायचा, आणि सर जे शिकवतात ते इंग्लंडात कुणाच्याही उपयोगाचं नाही असं त्याचं ठाम मत होतं. मी पुण्याची, सरांची असिस्टंट म्हणून लागले आणि तिथेच चिकटले.

आता त्या खोलीत ‘वेलबीइंग हब’ झालंय. बीन बॅग आहेत, कोपऱ्यात एक रोपटं आहे, पण केटल नाही! केटलशिवाय कसलं आलंय वेलबीइंग? परवा त्या दारावरून गेले आणि उगाचच थोडा वेळ उभी राहिले. फार आठवण येते हो त्या दिवसांची.

* * *

सिव्हिल लॉ म्हटलं की आपल्या माणसांना वाटतं, दिवाणी. मंडळाच्या गणपतीत एका आयटीवाल्या नाशिककराने सरांना गाठलं.

“सर, तुम्ही सिव्हिलचे ना? आमच्या काकांनी बांध सरकवलाय हो.”

सरांनी हातातली मोदकाची प्लेट खाली ठेवली आणि शांतपणे समजावलं. “तो सिव्हिल वेगळा. मी शिकवतो ती युरोपातली पद्धत. तिथे कायदा आधी एका संहितेत मुळापासून नीट लिहून काढतात. भांडण झालं की न्यायाधीश त्यातलं कलम शोधतो. इंग्लंडात उलटं. इथे आधी भांडण होतं, जज निकाल देतो, आणि पुढच्या भांडणात तोच निकाल कायदा म्हणून समोर ठेवतात.”

नाशिककर जरा विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. “म्हणजे सर, युरोप म्हणजे माझी आई आणि इंग्लंड म्हणजे माझी बायको!”

“ते कसं काय?”

“आईचे नियम आधीपासून ठरलेले. बायको म्हणते, मागच्या वेळी तू काय केलं होतंस ते आठव!”

बायको नेमकी मागेच उभी होती. पुढे काय निकाल लागला ते कळलं नाही, पण सर दरवर्षी पहिल्या लेक्चरला हेच उदाहरण द्यायचे.

* * *

आमच्या खोलीत एक छोटा फ्रिज होता आणि त्यातल्या दुधावरून कायम कटकट. शेवटी सरांनी फ्रिजच्या दारावर संहिताच चिकटवली. कलम एक, दूध सामायिक आहे. कलम दोन, जो संपवेल तो आणेल. कलम तीन, आपला कप आपण विसळावा.

ॲलनला हे मान्यच नव्हतं. “असं आधीच ठरवून कसं चालेल? प्रॉब्लेम येऊ दे, मग बघू!” तो जुने दाखले द्यायचा. “गेल्या नोव्हेंबरात मी कप विसळला नव्हता आणि कुणी काही बोललं नव्हतं, सबब तो माझा हक्क आहे!”

मग मी एकदा ओट मिल्क आणलं. मोठाच पेच! संहितेत फक्त दूध लिहिलेलं. ॲलन खूश झाला. “बघ, तुझी संहिता गप्प आहे. आता काय करशील?”

सर म्हणाले, “कायदा गप्प आहे म्हणून न्यायाधीशाला हात झटकता येत नाहीत. आधी संहिता बघायची, मग रूढी, तीही नसेल तर संहितेमागचं तत्त्व शोधायचं. पण निकाल द्यायचाच. या संहितेमागचं तत्त्व काय? सगळ्यांना चहा मिळावा! सबब चहात जे घालतात ते दूध.”

ॲलनने ओट मिल्कचा चहा प्यायला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, “याच्यावर मी अपील करणार!”

* * *

एका परीक्षेत प्रश्न होता, सिव्हिल लॉमध्ये कायद्याचे उगम कोणते ते क्रमाने लिहा. एका मुलीने लिहिलं, ‘एक, संहिता. दोन, रूढी. तीन, प्रोफेसर कामत.’

सरांनी तिसऱ्यावर लाल काट मारली आणि बाजूला लिहिलं, ‘प्राध्यापकाचं मत मार्गदर्शक असतं, बंधनकारक नसतं.’

ॲलनला ते इतकं आवडलं की त्याने मोठ्या अक्षरांत छापून आमच्या दारावर लावलं. येणाराजाणारा वाचून हसायचा. सरही हसायचे. फक्त एकदा, कुणी नसताना, त्या कागदाकडे बघत मला म्हणाले, “हे मला घरी नाही जमलं.”

तेव्हा निखिलचा विषय पहिल्यांदा निघाला.

* * *

निखिल सरांचा एकुलता एक मुलगा. आई बेळगावची, त्यामुळे घरात मराठी. ती गेल्यावर दोघंच उरले. पोरगा ॲलनच्या अंगाखांद्यावर वाढलेला. सायकलसुद्धा ॲलननेच शिकवलेली. सरांना तो वकील व्हायला हवा होता. त्याने पहिल्या वर्षातच लॉ सोडलं, मँचेस्टरला गेला आणि ट्राम चालवायला लागला. आवडीने, आनंदाने! सर रागाच्या भरात बोलून गेले, “परत या घरात पाऊल ठेवू नकोस.” पोराने ते अक्षरशः घेतलं. शेवटी बापाचाच मुलगा, शब्दाला धरून राहणारा!

त्यानंतर दोघांत बोलणं बंद. सरांनी त्याला विचारायचं नाही, त्याने यांना फोन करायचा नाही. पण रोज सकाळी सर मोबाइल बघून मोठ्याने म्हणायचे, “मँचेस्टरला पाऊस आहे.” बाहेर ब्रिस्टलमध्ये धो धो कोसळत असायचं, त्याचं काही नाही!

एक दिवस फारच तापले होते. “त्याला काही मिळणार नाही. सगळं घर मांजरांच्या संस्थेला!”

ॲलन लगेच पुढे सरसावला. “इंग्लंडात बिनधास्त कर. दोन ओळींचं विल. इथे माणूस आपलं घर कुणालाही देऊ शकतो, पोपटालासुद्धा जवळपास!”

“आमच्या गोव्यात नाही चालत,” सर म्हणाले. “पोर्तुगीजांची संहिता. अर्धा हिस्सा मुलांचाच. बाप कितीही रागावला तरी त्याला हात लावता येत नाही.”

“पण तुझं घर ब्रिस्टलमध्ये आहे!”

सर सॉलिसिटरची अपॉइंटमेंट घेऊन गेले आणि तासाभरात परत आले. आम्ही विचारलं, झालं? ते म्हणाले, “तिथे खुर्चीत बसलो आणि लक्षात आलं, मला मांजरं आवडत नाहीत.”

* * *

सर कुणाला फसवू शकायचे नाहीत, हाही एक तापच होता. त्यांना जुनी गाडी विकायची होती. मिल्टन कीन्सहून एक गृहस्थ मुद्दाम बघायला आले. इंग्लंडात साधारण रीत अशी की खोटं बोलू नये, पण विचारल्याशिवाय आपण होऊन सांगूही नये. सरांच्या संहितेत सद्भाव म्हणजे पहिलं तत्त्व. करार करण्याआधीपासूनच समोरच्याशी सरळ वागायचं.

त्यांनी गृहस्थांना बसवून, चहा देऊन, गाडीचे सगळे दोष सांगितले. क्लच जातोय, हीटर मनात आलं तर चालतो, मागच्या सीटवर एकदा आमटी सांडली होती.

गृहस्थ घाबरून उठले. “तुम्ही इतकं सांगताय, म्हणजे नक्की काहीतरी लपवताय!”

गाडी शेवटी मीच घेतली. हीटरचं सरांनी सांगितलं होतं ते तंतोतंत खरं निघालं.

* * *

सर आणि ॲलन शेजारी शेजारी राहायचे. एकदा ॲलन कॉर्नवॉलला सुट्टीवर गेला आणि थंडीने त्याच्या किचनचा पाइप फुटला. दाराखालून पाणी बाहेर यायला लागलं. ॲलनचा फोन लागेना. सरांकडे किल्ली होती. त्यांनी प्लंबर बोलावला, पाइप बदलून घेतला, फरशी पुसून घेतली. ॲलन परत आला तर टेबलावर बिल!

“मी तुला सांगितलं होतं का?” ॲलन ओरडला. “इंग्लिश लॉमध्ये न सांगता दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणाऱ्याला छदाम मिळत नाही!”

सरांचा चेहरा असा फुलला की मला कळलं, आता लेक्चर. “आमच्याकडे मिळतो. रोमन काळापासूनचं तत्त्व आहे. माणूस जागेवर नसेल, त्याचं नुकसान होत असेल, तर शेजाऱ्याने न विचारता त्याचं काम हातात घ्यावं. त्याच्या भल्यासाठी केलेलं असेल तर मालकाने खर्च भरून द्यायचा. आणि मालकाने खर्च दिला, म्हणजे त्याने ते काम आपलं मानलं!”

“कुठलाही खर्च?”

“आवश्यक तेवढाच.”

ॲलनने चष्मा लावून बिल वाचलं. “आणि हे नवीन पायपुसणं?”

सरांनी पेन काढलं आणि पायपुसण्याच्या ओळीवर काट मारली. “हे आवश्यक नव्हतं. मला आवडलं म्हणून घेतलं.”

ॲलनने पाइपचे पैसे दिले. पायपुसणं मात्र परत केलं नाही! पुढे कित्येक दिवस तो कुणालाही धरून सांगायचा, “या युरोपियन लोकांनी नाक खुपसण्याचासुद्धा कायदा केलाय!”

* * *

मग सरांचा रिटायरमेंटचा दिवस आला. त्यांना समारंभ नको होता. खोलीतच चहा, मी केलेल्या नारळाच्या वड्या आणि आम्ही तिघं. सर पुस्तकं खोक्यात भरत होते. फ्रिजवरची संहिता त्यांनी हळूच सोडवून घेतली. दारावरचा कागद मात्र तसाच ठेवला.

“आता काय करणार सर?” मी विचारलं.

“काय करणार? घर आहे, मी आहे.” त्यांनी मोबाइल बघितला. “मँचेस्टरला आज ऊन आहे.”

ॲलन एकदम म्हणाला, “नाही. आता तिथलं हवामान बघायची गरज नाही.”

दार वाजलं. दारात निखिल. उंच, दाढी वाढवलेला, अंगात ट्रामवाल्यांचं जाड जॅकेट. तो आत आला नाही, उंबऱ्यापाशीच थांबला.

“बाबा,” तो म्हणाला, “ट्रेन लेट झाली. सॉरी.”

सर हातात पुस्तक धरून तसेच उभे. केटल उकळून आपोआप बंद झाली. मला रडू येत होतं आणि मी वड्यांकडे बघत उभी होते.

सर निखिलशी बोललेच नाहीत. वळले ते ॲलनकडे. “याला कुणी बोलावलं?”

“मी,” ॲलन म्हणाला.

“मी तुला सांगितलं होतं का?”

“नाही. तू जागेवर नव्हतास. गेली कित्येक वर्षं नव्हतास. नुकसान होत होतं. मी शेजारी आहे.”

सरांचे डोळे भरून आले होते, पण आवाज परीक्षेच्या हॉलमधला. “तिकीट कुणी काढलं?”

“मी काढलं. त्याच्या फोनवर पाठवलं.”

सरांनी पुस्तक खाली ठेवलं. सावकाश पाकीट काढलं. निखिल दारातून बघत होता.

“सिंगल की रिटर्न?”

“रिटर्न.”

सरांनी नोटा मोजल्या, त्यातल्या अर्ध्या परत पाकिटात घातल्या आणि उरलेल्या ॲलनच्या हातावर ठेवल्या.

“येण्याचे देतो,” ते म्हणाले. “परतीचा खर्च आवश्यक नव्हता.”