बाजारात धरलेला पोस्टमन

नोकरीत चोर, ठग पुष्कळ पाहिले. पण लोकांनी धरून आणलेला एक पोस्टमन आठवला की आजही स्वतःचाच कान पिरगाळावासा वाटतो.

मी तेव्हा दारव्हा भागात ठाणेदार होतो. परदेशातून पार्सल आलंय, कस्टमचे पैसे भरा, असे फोन करून लोकांना लुबाडण्याचे प्रकार वाढले होते. माईक हातात आला की मला सोडवत नसे. एका गावच्या आठवडी बाजारात ओट्यावर उभं राहून मी ठणकावून सांगितलं, "कस्टमच्या नावानं कोणी पैसे मागितले तर त्याला धरा आणि मला कळवा." टाळ्या पडल्या. मी खूश.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी त्या गावातून ठाण्यात फोन आला, "साहेब, कस्टमवाला धरला!" अर्ध्या तासात जीपमधून आठ-दहा जण उतरले. त्यांच्या मधोमध, त्या गावात नुकताच बदलून आलेला पोस्टमन. सदऱ्याची बटणं तुटलेली, टपालाची पिशवी छातीशी घट्ट. तक्रारदार गावचा बँडमास्तर. त्याच्या क्लॅरोनेटचा फुंकायचा भाग तडकला होता आणि मुलीने मोबाइलवरून परदेशातून नवा मागवला होता.

"पोरीनं पैसे पहिलेच भरले साहेब," बँडमास्तर म्हणाला. "आता हा कायचे पैसे मांगून राह्यला? तुम्हीच तर सांगतलं होतं."

डायरीत नोंद घेण्याआधी मी दोघांना वेगळं बसवलं. आधी पाणी, मग प्रश्न, ही माझी पद्धत. पोस्टमनने ग्लास एका हाताने घेतला. दुसरा हात पिशवीवरच. चोरी करणारा माल लांब ठेवायला बघतो, हा मात्र सोडायला तयार नव्हता.

"पिशवी का दाखवली नाही लोकांना?"

"त्यात दुसऱ्याईचं टपाल हाये साहेब. मार खाल्ला, पण पिशवी नाही देल्ली."

"आणि पैसे कशाचे?"

"पार्सलवर चिठ्ठी हाये. दाखवत होतो, कोनं पाह्यलीच नाही."

पिशवीतून त्याने तेवढं पार्सल काढून दिलं, मी ते उलटं केलं. मागे कस्टमची छापील चिठ्ठी चिकटवलेली होती. वस्तूची किंमत, त्यावरचं शुल्क, कर, सगळं लिहिलेलं. त्याने मागितलेली रक्कम नेमकी तीच. पोस्टमास्तरांना फोन लावून खात्री केली. मग बँडमास्तरच्या मोबाइलमधलं बिल उघडलं. आयात शुल्क ग्राहकाने भरायचं, अशी ओळ अगदी तळाशी बारीक अक्षरात होती.

मुलीने दिली ती दुकानदाराची किंमत. देशात माल आणण्याचं शुल्क वेगळं. ठग फोनवरून कुठल्यातरी खात्यात पैसे टाकायला लावतो, पोस्टमन पार्सल घेऊन दारात येतो आणि पावती देतो. एवढा साधा फरक मी माईकवर सांगितलाच नव्हता. तपास संपला होता, आणि चूक करणारा ठाणेदाराच्याच खुर्चीत बसला होता.

चिठ्ठी आणि बिल दाखवल्यावर बँडमास्तरने पैसे दिले, पावती घेतली. मी पोस्टमनला विचारलं, "मारहाणीची तक्रार द्यायची आहे?"

"नाही साहेब. त्याईनं तुमचंच आयकलं."

हे मला लागलं. "मग जा घरी. तुमच्यावर काही नाही," मी म्हणालो. तो उठेना.

"मले चोर म्हणून बाजारात धरलं. इथं ठाण्यात सोडलं तं कोनाले कळन? उद्या कोनत्या तोंडानं त्याईच्या दारात टपाल नेऊ?"

मी टोपी घातली आणि सगळ्यांना जीपमधून परत गावात नेलं. बाजार अजून उठला नव्हता. त्याच ओट्यावर त्याला शेजारी उभं केलं आणि माईक घेतला. "या माणसाची काहीच चूक नाही. चूक माझी. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं." उरलेलं अर्धं मग नीट समजावून सांगितलं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. बँडमास्तरने पुढे होऊन माफी मागितली आणि पिशवी आपल्या खांद्यावर घ्यायला हात लावला. पोस्टमनने ती दिली नाही! सगळा बाजार हसला, तोही हसला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

लोक पोलिसांचं ऐकत नाहीत, ही आमच्या खात्याची कायमची ओरड. त्या दिवसापासून मी ती बंद केली. लोक ऐकतात, म्हणून पूर्ण सांगावं लागतं.

निवृत्तीनंतर दारव्ह्यातच राहिलो. परवा परदेशातून वाचायचं भिंग मागवलं, तर पार्सल घेऊन तोच दारात. आता त्याची बदली इकडे झाली आहे. शुल्क किती ते सांगताच मी पाकीट काढलं.

"थांबा साहेब," तो म्हणाला. "पहिले चिठ्ठी वाचा. मंग पैसे देजा."

मी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत चिठ्ठी वाचली. तोवर तो पिशवी छातीशी धरून उभा होता.