खड्ड्याचं बारसं

सून क्रांतीला नववा महिना लागला आणि बायडाबाईची झोप उडाली. दारासमोरच्या रस्त्यात मधोमध म्हैस बसेल एवढा खड्डा. त्यात बादशहाच्या रिक्षाचा पाटा मोडला, तेव्हापासून त्यानं साफ सांगितलेलं, सुनंला कोपऱ्यापर्यंत चालवत आणा. कळा सुरू झाल्यावर चालवत? बायडाबाईचं डोकं फिरलं.

नगरपालिकेत अर्ज देऊन झाले होते. साहेब पावसावर ढकलायचा, रस्त्याचा ठेकेदार बाळासो साहेबावर.

बाळासोची बहीण वर्षाराणी पलीकडच्या गल्लीत राहायची. बायडाबाई तिला कुंकू लावून आमंत्रण देऊन आली. बारसं आहे, बाळाला आत्या नाही, तेवढा मान तुम्ही घ्या. आत्याचा मान कोण नाकारतंय? क्रांती बाळंत झाली, असा वर्षाराणीचा समज झाला. बायडाबाईनं तो होऊ दिला. रविवारी वर्षाराणी नथ घालून, झबलं-टोपडं घेऊन आली.

रस्त्यात पाळणा टांगलेला. खाली खड्डा, खड्ड्यात गढूळ पाणी. बाया घुगऱ्या वाटत होत्या. क्रांती पोट सांभाळत उंबऱ्यात उभी.

"बाळ कुठं हाय?"

"हे काय, पाळण्याखाली. बाप तुमचा भाऊ. वाका आनि नाव सांगा."

बाया फिसकन हसल्या. वर्षाराणी लालबुंद.

"माझ्या भावाची अब्रू रस्त्यावर मांडता व्हय?"

"त्यानंच मांडलीया की. आमी नुसता पाळणा बांधला."

वर्षाराणीनं क्रांतीच्या पोटाकडं बघितलं. तिथूनच भावाला फोन लावला आणि जे बोलली ते छापण्यासारखं नाही.

दुपारी मुरमाची ट्रॉली आली. पाठोपाठ बाळासो. आज एवढं भरून घ्या मावशी, पुढचं पुढं बघू, म्हणाला. मुरूम पहिल्या सरीत वाहून जातो, हे बायडाबाईला कुणी शिकवायला नको होतं.

"पुढं कदी? माझा नातू तुज्यासाठी थांबायचा न्हाय. खडी-डांबर आण, मग पाळणा निघंल."

ट्रॉली भरलेलीच परत गेली. पाळणा तिथंच राहिला. येणारा-जाणारा वळसा घालायचा, कुणाचं बारसं म्हणून विचारायचा, आणि बाया बाळासोचं नाव सांगायच्या. शेवटी डांबर आलं. रोलर फिरेपर्यंत बायडाबाई उन्हात उभी होती.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी बादशहानं सवयीनं कोपऱ्यावरच ब्रेक मारला.

"दारात आण की रं," बायडाबाई उंबऱ्यातनं ओरडली, "डांबर काय बघाय घातलंय?"