बोंबलाचं हेल्मेट आणि ह्यांचा कान

माझं नाक तिखट आहे. टोपलीपासून दोन हात लांब उभं राहून बोंबील आजचे की कालचे ते मी सांगते, आणि बाजारातल्या कोळणींचा त्यासाठी माझ्यावर रागही आहे. या नाकाने मला आयुष्यात एकदाच फसवलं. ती हकीकत जेवताना वाचू नका.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आम्ही भांडुपला राहायचो आणि आमचे हे मुलुंडच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचे. जाड भिंगांचा चष्मा, आणि नवीकोरी मोटारसायकल. हा जोड बघूनच मी हट्टाने हेल्मेट घ्यायला लावलं. आठवडाभर ह्यांनी ते मुकाट्याने घातलं. मग एका संध्याकाळी येताना वाटेत एका कोळणीच्या टोपलीत ताजे बोंबील दिसले.

"मावशी, पिशवी नाहीये गं."

"मंग डोक्यावरचं ते घमेलं कशाला हाय रं? आन हिकडं!"

आणि ह्यांनी दिलं!

बोंबील म्हणजे निम्मं पाणी आणि निम्मा चिकटा. घरी पोचेपर्यंत हेल्मेटच्या आतल्या स्पंजने तो सगळा रस पिऊन घेतला. बोंबील झकास तळले गेले, ते मी नाकारत नाही. हेल्मेटला मात्र साबण झाला, लिंबू झालं, चिंच झाली, गच्चीतलं ऊन झालं. शेजारचं मांजर आत जाऊन बसलं ते बाहेर यायला तयार होईना.

"घाला हो, एवढा काही वास नाही," मी धडधडीत खोटं बोलले.

"मग तूच घाल. डोक्याला पीठ लावून तव्यावर सोडल्यासारखं वाटतं मला."

तेव्हापासून हेल्मेट हँडलला लटकून कामावर जाऊ लागलं.

पावसाळ्याआधी आपल्याकडे गटारं उपसतात आणि तो काळा गाळ रस्त्याच्याच कडेला ढीग लावून ठेवतात, म्हणजे पावसाबरोबर त्याला घरी परत जाता येतं. अशाच एका ढिगावरून ह्यांची मोटारसायकल घसरली. हेल्मेट गाळात रुतलं, त्याला ओरखडाही नाही. ह्यांचा उजवा कान मात्र गटाराच्या फरशीला घासत गेला.

दोघा भल्या माणसांनी रिक्षातून ह्यांना घरी आणलं. अर्धा कान सुटून लोंबत होता. रक्त थांबावं म्हणून कोपऱ्यावरच्या चहावाल्याने त्यावर उकळलेल्या चहापत्तीचा चोथा थापला होता. शेजारच्या वहिनी धावत आल्या आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी वर मूठभर हळद दाबली. गटाराचा गाळ, चहा, हळद आणि रक्त. त्या लगद्यातून एक वेलची डोकावत होती. मला ओकारी आली ती त्या वेलचीमुळे.

इस्पितळातली डॉक्टरीण वयाने माझ्याहून लहान होती, तोंडाने मोठी.

"काय हो, कानाला फोडणी कोणी दिली?"

बरोबर आलेल्या वहिनींनी हळदीचा हात पदराआड लपवला.

"रक्त येत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं. बस. स्वयंपाकघर जखमेवर रिकामं करायचं नाही." मग ती चिमट्याने चोथा वेचत बसली. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. ब्रशने गाळ घासून काढताना हे असे किंचाळले की बाहेरचे पेशंट उठून गेले. शेवटी कान शिवून ती म्हणाली, "जगला तर जगला. आतली कूर्चा सडली तर कापावा लागेल. वास आला की लगेच घेऊन या."

"आणि मग मी चष्मा कशावर अडकवू?" ह्यांनी विचारलं. विनोद नव्हता तो. चष्म्याशिवाय ह्यांना रेघ दिसत नव्हती, आणि रेघ काढण्याचाच पगार होता.

मग भेटायला येणारे सुरू झाले. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे जखम बघितल्याशिवाय चहा गोड लागत नाही. "जरा पट्टी वर करा ना, बघू दे." एका आतेसासूबाईंनी तर बोट पुढे केलं, तेच बोट ज्याने त्या क्षणभरापूर्वी तपकीर ओढत होत्या. मी दारात लाटणं घेऊन बसू लागले. आणि डॉक्टरणीने सांगितलेल्या वासाची वाट बघत मी रोज पट्टीला नाक लावायचे.

आणि पाऊस धरला तसा एका सकाळी वास आला. कुजका, गोडसर, घशात उतरणारा. ह्यांच्या उशाशीच. ह्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. तसंच रिक्षात घालून मी ह्यांना इस्पितळात नेलं.

डॉक्टरणीने पट्टी सोडली. कान गुलाबी, जरासा मुडपलेला, पण जिवंत! तिने वास घेऊन बघितला. "काही नाही हो. घरात उंदीर मेलाय का बघा."

घरी आलो तर वास दारातच स्वागताला उभा. मी नाक धरून खाटेखाली वाकले आणि ते बाहेर ओढलं. अपघाताच्या दिवशी रिक्षावाल्याने गाळासकट खाटेखाली सरकवलेलं हेल्मेट! दमट हवेत बोंबलाचा रस पुन्हा जागा झाला होता. स्पंजवर पांढरी लव, गाळात अळ्यांची वळवळ, आणि एक जाडजूड अळी तर नेमकी जिथे कान यायला हवा तिथे. जे जागच्या जागी असतं तर कानावर ओरखडाही उठला नसता, ते कान सडल्याचा वास देत पडलं होतं.

ते आम्ही काठीने उचलून कचऱ्यात टाकलं. नवं घेतलं. हे पुन्हा कामावर जायला लागले त्या पहिल्याच आठवड्यात ह्यांच्या मागे बसून मी बाजारातून येत होते.

मावशीने हाक मारली, "नवं घमेलं झ्याक हाय! आन, भरून देते!"

हे गाडीवरून उतरले नाहीत, हेल्मेटही काढलं नाही. आतून घुमल्यासारखा आवाज आला, "मावशी, पिशवी आणलीय."

पिशवी आणली होती, पण कापडी. घरी पोचेपर्यंत बोंबलाचं सगळं पाणी झिरपून ह्यांच्या पँटीवर उतरलं होतं. मी साबण काढून दिला. पँट धुता येते.