जाळीला लावलेला कान

आमच्या ह्यांचं सगळं आयुष्य ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्यात गेलं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत मी नि माझा संसार. सेट दुरुस्त झाला की गिऱ्हाइकाला आधी शिकवणी मिळायची: गाणं लावलेल्या फोनचा आवाज पाऊण ठेवा, मग ॲम्प्लिफायरचा गेन, म्हणजे आवाज फुगवायचं बटण, शून्यावरून हळूहळू वर न्या. लोकांची खोड नेमकी उलटी. फोन हळू ठेवायचा नि गेन शेवटपर्यंत पिळायचा, म्हणजे गाण्याबरोबर आतली सूंसूंही मोठी. मी चिडले की हे मलाही म्हणायचे, "तुझा गेन जरा कमी कर." माणूस गोड, पण जिभेला हाड नाही.

शेवटची तपासणी ठरलेली. गाणं थांबवायचं, स्पीकरच्या जाळीला कान लावायचा, सूं ऐकू आली की गेन किंचित मागे. त्याशिवाय सेट दाराबाहेर जात नसे.

मग सेट परत यायला लागले. शाळेतल्या बाई म्हणाल्या, गाणं थांबलं की सूं येते. ह्यांनी त्यांच्या घरातल्या वायरिंगला दोष दिला. शिंपी आला, तर त्याच्या फोनला. अहो, मला ती सूं मागे भांडी घासताना ऐकू यायची, आणि हे जाळीला कान लावून म्हणायचे, झक्कास! ह्यांना बोललेलं सगळं ऐकू यायचं, सूंसारखा बारीक आवाज तेवढा कानांतून गेला होता. कानांवर जगलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगू?

हे जेवून आडवे झाले की मी पुढे जाऊन गेन मागे घ्यायला लागले. केलं तर केलं! सेट परत येणं थांबलं, हे पुन्हा खुशीत. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

एका दुपारी हात बटणावर असतानाच मागे वळून पाहिलं, तर हे दारात उभे. वाटलं, आता भडका उडणार. पण हे गुपचूप येऊन सेटसमोर बसले, जाळीला कान लावला नि गेन वर न्यायला लागले. खोलीभर सूं भरली.

"येतेय का गं?"

"नाही," मी म्हटलं.

ह्यांनी बटण शेवटपर्यंत नेलं. "आता?"

"छे, काही नाही."

हे बटणाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "एवढ्यावर कुठलाही सेट ओरडतो. माझ्यासाठी खोटं बोलायची वेळ आली होय तुझ्यावर?"

ह्यांनी डोळे मिटून घेतले, कान जाळीला तसाच, जणू अजून थोडा दाबला तर येईल ऐकू. मला ती सूं सोसवेना. मी सेटचं भिंतीवरचं बटण बंद केलं. खोली एकदम शांत झाली.

ह्यांना कळलंच नाही. कान लावून तसेच ऐकत बसले.