हसण्यापुरती जागा

गुढियारीच्या शर्मिष्ठाबाई गजभिये यांनी अकरा वर्षं टीव्हीवर भांडखोर शेजारीण रंगवली आणि अख्ख्या रायपूरला हसवलं. बेस्ट कॉमेडीची ट्रॉफीही मिळाली. ती आता फ्रिजवर, गुडघ्याच्या तेलाच्या बाटलीशेजारी उभी असते.

शूटिंगला समोर प्रेक्षक नसत. रेकॉर्ड केलेला हशा नंतर वाक्यांच्या मध्ये भरला जायचा, म्हणून डायरेक्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दीदी, हर लाइन के बाद दो तक गिनना." ती सवय हाडीमाशी खिळली. घरीही बाई प्रत्येक वाक्यानंतर थांबायच्या, आणि रेल्वेच्या ड्युटीवरून आलेले तुळशीराम, त्यांचे यजमान, तेवढ्या जागेत न चुकता हसायचे. वरणात मीठ जास्त पडलंय म्हटलं तरी हसायचे, असा भला माणूस!

मालिका बंद पडली. मागच्या वर्षी तुळशीरामही गेले. आता बाई स्वतःशीच काहीतरी बोलतात, दोनपर्यंत मोजतात आणि पंख्याची घरघर ऐकतात.

रविवारी लेकीचा, दीपमालाचा, पुण्याहून फोन आला. गुडघा झाला, जेवणखाण झालं. मग बाईंनी मनाचा हिय्या केला.

"दीपू, घर मले खायले उठते वं."

सवयीनं त्या थांबल्या. एक. दोन.

पलीकडे दीपमाला खळखळून हसली. "क्या टाइमिंग है मम्मी, आज भी!"

पुढचं वाक्य ओठावर होतं, "चार दिवस येऊन जाय ना." बाईंनी ते गिळलं.