हाफ क्लचवर चढलेला गड

मखमलाबादला आमचा झेंडूचा मळा. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा, म्हणून फुलं बाजारात न्यायचं काम माझ्याकडे. त्यासाठी जुनी व्हॅन घेतली आणि मी चालवायला शिकले. सकाळी थंड गाडी लगेच पळवायची नाही. गिअर पडला की क्लचवरचा पाय काढायचा. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा. हे मी कधी मोडलं नाही. मोठे दीर, आमचे दादा, हसायचे, ही गाडी चालवते की पोराला झोपवते म्हणायचे. हसेनात का! पण आमच्या व्हॅनने कधी दगा दिला नव्हता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मळ्यात तोडणीला होते. तेवढ्यात या दादांनी सासूबाईंकडून परस्पर किल्ली घेतली आणि पाहुणेरावळे कोंबून सप्तशृंगी गडावर दर्शनाला गेले. मला विचारायची गरजच काय? संध्याकाळी परतले ते कॉलर ताठ करून. खाली नांदुरीपर्यंत गाडी न्यूट्रलमध्ये आणली, थेंबभर पेट्रोल जाळलं नाही, असं सगळ्यांना सांगत सुटले. चढताना मागे सरकू नये म्हणून सबंध घाट क्लच अर्धा दाबून, हाफ क्लचवर धरली होती, हेही त्यांनीच कौतुकाने सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पंगत बसली होती, म्हणून वाढायला घेतलं.

दसऱ्याच्या सकाळचा बाजार म्हणजे आमची वर्षाची कमाई. उन्हं तापली की झेंडूला कुत्रं विचारत नाही. पहाटे व्हॅन गच्च भरली, चालू केली, गिअर टाकला. इंजिन नुसतं बोंबलत होतं, गाडी जागची हलेना. जळका वास सुटला. घाटभर घासून क्लचप्लेट पार जळून गेली होती.

दादा दात घासत बाहेर आले. "बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं," म्हणाले. नवरा खाली मान घालून उभा. दोघांचाही असा संताप आला मला!

शेजारच्यांच्या हातापाया पडून ट्रॅक्टर मिळवला. पोचेपर्यंत उन्हं वर आली होती, बाजार उठत आला होता. रात्रंदिवस राबून वाढवलेली फुलं अर्ध्याहून जास्त गोदाकाठी ओतून आले. ओतताना रडले, लाज नाही वाटत सांगायला.

घरी येते तर व्हॅनची पूजा चाललेली! बॉनेटला हळदकुंकू, माझ्याच मळ्यातल्या झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं. आता गाडी पुढे घेऊन ती चिरडायची, तर घेणार कोण? सगळे लिंबांकडे बघत उभे.

"जरा ढकलायला हात लाव," दादा मला म्हणाले.

"न्यूट्रलमध्येच आहे दादा, तुमच्या आवडीच्या. ढकला तुम्ही," मी म्हणाले.

किल्ली काढून घेतली, पदराला गाठ मारून बांधली आणि घरात गेले. सासूबाईंनीही नंतर ती कधी मागितली नाही.