मामाची मांडी

घाटनांदूरच्या चंद्रभागाबाईचा हात एका जागी राहील तर शपथ! लेकीचा दीड वर्षाचा ओंकार तिच्याकडंच असायचा. त्याच्या मानेला मागच्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली आणि बाईची झोप उडाली. भाकरी थापता थापता उठायची, गाठ चाचपायची. पाणी भरून आली की पुन्हा चाचपायची. "वाढली का गं?" म्हणत शेजारणींनाही दाबायला लावायची. पोरगं कळवळून रडायचं.

शेवटी लेकीनं, वर्षाराणीनं, दोघांना अंबाजोगाईला नेलं. डॉक्टरांनी मान पाहिली आणि पोराचं जावळ वर उचललं. खाली पिकलेले फोडच फोड.

"गाठ या फोडांमुळं आलीय. ते बरे झाले की हळूहळू उतरेल. औषध देतो, पण आधी केस काढा. आणि गाठ दाबणं बंद!"

"जावळ मामाच्या मांडीवर काढत असतेत," बाई उसळली. "मामा ऊसतोडीला गेलाय!"

घरी येऊन तिनं मामाला, म्हणजे आपल्याच लेकाला, परमेश्वरला, फोन लावला. तो फडातूनच ओरडला, "आई, पोराचं डोकं पिकलंय आन् तू माझी मांडी कावून शोधायलीस? तुझी मोडली का?"

न्हावी आला. ओंकार आजीच्या मांडीवर बसला. जावळ जपायचं म्हणून तिनं आजवर त्याला फणीसुद्धा लागू दिली नव्हती. केस पडत गेले तसे लालभडक फोड उघडे पडत गेले. सवयीनं तिचा हात मानेकडं निघाला आणि अर्ध्यावरच थांबला.